चावा कुत्र्याचा, जबाबदारी मालकाची

श्रोतेहो, नमस्कार.

कुत्र्याचा चावा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर चावा लागलेला माणूस येतो. बातम्या त्याच्याच येतात, लसीची चौकशी त्याच्यासाठीच होते, आणि ते रास्तच आहे. परंतु कोल्हापुरात जनावरांवर उपचार करणारा डॉक्टर म्हणून मला जे चावे पाहावे लागतात, त्यांतले बहुतेक कुत्र्याने कुत्र्याला घेतलेले असतात आणि त्यांची नोंद दवाखान्याच्या वहीपलीकडे कुठेही होत नाही. त्यांतल्याही एका प्रकाराविषयी मला आज बोलायचे आहे. पाळलेला कुत्रा, सोबत त्याचा मालक, आणि तरीही त्याने रस्त्यावरच्या दुसऱ्या पाळीव कुत्र्यावर केलेला हल्ला, असा हा प्रकार आहे. भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नात जबाबदार कोण, यावर महानगरपालिका, प्राणीप्रेमी आणि रहिवासी यांच्यात वाद होऊ शकतो आणि होतोही. या प्रकारात वादाला जागा नाही. जबाबदार माणूस तिथेच उभा असतो.

भल्या सकाळी रंकाळ्याच्या काठाने, विद्यापीठाच्या परिसरात किंवा कळंबा तलावाकडे फिरायला जाणाऱ्यांनी हे पाहिलेले असेल. वर्दळ कमी आहे म्हणून मोठ्या कुत्र्याला मोकळे सोडले जाते, साखळी मालकाच्या खांद्यावर येते आणि कुत्रा बराच पुढे धावत सुटतो. समोरून एखाद्या आजी आपल्या पामेरियनला घेऊन येत असतात. त्या घाबरून जागच्या जागी थांबतात आणि लांबून आवाज येतो, "काही करत नाही हो आमचा, खेळायला येतोय." असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो. घरात नातवंडांनी कान ओढले तरी तो कुत्रा खरोखरच काही करत नाही. परंतु घरातल्या माणसांशी कुत्रा कसा वागतो, यावरून अनोळखी कुत्र्याशी तो कसा वागेल हे मुळीच कळत नाही, आणि माणसांवर जीव टाकणारे कितीतरी कुत्रे दुसरा कुत्रा दिसताच पार बदलून जातात. तो खरोखर खेळायलाच निघाला आहे असे धरले, तरी समोरचा कुत्रा म्हातारा असेल, त्याची नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असेल, किंवा पूर्वी एकदा मार खाल्ल्यामुळे तो भीतीपोटी स्वतःच आधी झडप घालेल. त्याला भेटायचे आहे की नाही, हे ठरवण्याचा हक्क त्याच्या मालकालाही आहे, आणि आपला कुत्रा मोकळा असेल तर तो हक्क आपण हिरावून घेतलेला असतो. खासबागेत जोड पाहून कुस्ती लावणाऱ्या या गावाला हे वेगळे सांगायला नको, की पाच-सहा किलोंचा पामेरियन आणि चाळीस किलोंचा रॉटवायलर ही जोडच होऊ शकत नाही.

या हल्ल्यात नेमके काय होते, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण याबाबतचा गैरसमज अनेक कुत्र्यांच्या जिवावर बेततो. मोठा कुत्रा लहान कुत्र्याला पकडतो तेव्हा तो नुसते दात रोवून थांबत नाही, तर मान झटकून त्याला हलवतो. कुत्र्याची कातडी सैल असते, त्यामुळे ती दाताबरोबर सरकते आणि तिला वरून लहानसे भोक पडते. आतले स्नायू मात्र फाटतात, कातडीपासून सुटतात, चिरडले जातात, आणि दाताबरोबर तोंडातले जंतू व केस खोलवर जाऊन बसतात. एक गृहस्थ आपल्या छोट्या कुत्र्याला टॉवेलात गुंडाळून घेऊन आले होते आणि दोनच दात लागलेत, काहीतरी मलम द्या, असे त्यांचे म्हणणे होते. मी केस भादरले तेव्हा छातीच्या बाजूला मसुरीच्या डाळीएवढी दोन भोके दिसली. त्यांच्याभोवती बोट फिरवल्यावर कातडीखाली चुरचुर लागली, म्हणजे तिथे हवा शिरलेली होती. एक्स-रे काढल्यावर बरगडी मोडलेली आढळली. मलमावर भागवले असते, तर त्या कुत्र्याने रात्र काढली नसती. तो वाचला, परंतु जखमेत साठणारा स्राव बाहेर पडावा म्हणून त्याच्या कातडीखाली बरेच दिवस नळी ठेवावी लागली.

म्हणून चावा कितीही किरकोळ दिसला तरी कुत्र्याला त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. जखमेत हळद भरू नका, कॉफीची पूड दाबू नका आणि वरून घट्ट पट्टीही बांधू नका. दाताचे भोक वरून बंद झाले की आत पू साठतो आणि दोन-तीन दिवसांनी ताप येऊन कुत्रा खाणे सोडतो. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. श्वास जोरजोरात चालला असेल, हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील किंवा पोट फुगत चालले असेल, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका.

झुंज लागलीच तर ती सोडवायची कशी, हेही माहीत असावे. आपला हात आपोआप पट्ट्याकडे जातो आणि माणसांना चावे लागतात ते बहुधा याच वेळी, कारण त्या अवस्थेत कुत्रा हात कोणाचा आहे हे पाहत नाही. काठीने मारल्याने बहुतेक वेळा पकड आणखी घट्ट होते. जवळ पाणी असेल तर तोंडावर जोरात मारावे, जाड चादर किंवा जाकीट दोघांवर टाकावे, दोघांच्या मध्ये फळी, खुर्ची, सायकल, जे हाताला लागेल ते घालावे. काहीच नसेल आणि दोन मोठी माणसे असतील, तर प्रत्येकाने एकेका कुत्र्याचे मागचे दोन्ही पाय वरच्या बाजूला, मांडीजवळ धरून त्याला मागे ओढावे आणि सोडवल्यावर लगेच हात न सोडता वळवून लांब न्यावे. समोरच्याने तोंडात पकड घेतलेली असताना मात्र ओढू नये, जखम फाटत जाते. आधी पकड सुटली पाहिजे. लहान मुलांना यात कधीही पुढे होऊ देऊ नये.

हल्ला अचानक झाला, असे प्रत्येक मालक सांगतो. तो क्वचितच अचानक असतो. कुत्रा जागीच ताठ होतो, तोंड मिटतो, नजर रोखतो, पाठीवरचे केस उभे राहतात, शेपटी वर ताठ होऊन तिचे टोक तेवढे थरथरते, ओठ किंचित वर जातो आणि मग गुरगुर येते. ही गुरगुर म्हणजे कुत्र्याने दिलेली शेवटची सूचना असते, आणि आपण तिच्यासाठीच त्याला फटका देतो. गुरगुरल्यावर मार बसतो हे शिकलेला कुत्रा गुरगुरणे सोडून देतो आणि पुढच्या वेळी थेट चावतो. अशा वेळी न ओरडता, साखळीला हिसका न देता, अंतर वाढवावे आणि दुसऱ्या बाजूने निघून जावे. साखळी ताणून धरली की कुत्र्याचा आवेश वाढतो, हे फिरवणाऱ्या घरगड्यालाही समजावून सांगितले पाहिजे.

आपल्या भागात कारवान पाळण्याची हौस मोठी आहे आणि तिचा मला आनंदच वाटतो. मुधोळच्या या जातीवर २००५ साली भारतीय टपाल खात्याने तिकीटही काढले. परंतु ही नजरेने सावज हेरून धावणारी शिकारी जात आहे. तिच्या बाबतीत वरच्या खुणा दिसतीलच असे नाही, कारण पळणाऱ्या लहान कुत्र्यामागे ती भांडायला जात नाही, शिकारीला जाते, तेही आवाज न करता. शेतावर सशामागे धावणे आणि ताराबाई पार्कातल्या गल्लीत एखाद्या पिल्लामागे धावणे यांतला फरक तिला कळत नाही. तो मालकाने ओळखायचा असतो.

जातीवरून आठवले, मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने पिटबुल, रॉटवायलर अशा २३ जातींची विक्री व पैदास थांबवण्याविषयी राज्यांना पत्र पाठवले होते, आणि पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले. ताकदवान जातीचा चावा अधिक घातक असतो, हे मला मान्य आहे. पण यादीत नाव नाही म्हणून आपला कुत्रा निर्धोक ठरत नाही. कायद्याचे म्हणाल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये यासाठी पुरेशी दक्षता न घेणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. या कलमाचा रोख माणसाच्या सुरक्षिततेकडे आहे. त्यामुळे कुत्र्याने कुत्र्याला जखमी केल्यावर बहुतेक गोष्टी मालकाच्या सचोटीवरच येऊन ठेपतात, आणि माझे खरे गाऱ्हाणे इथेच आहे.

हल्ला झाल्यावर अनेक मालक आपला कुत्रा ओढत निघून जातात. पोलिसांची भीती असते, भांडणाची असते, खर्चाची असते. परंतु ते निघून गेल्यामुळे जखमी कुत्र्याच्या मालकाला एक अत्यंत महत्त्वाची माहिती मिळत नाही: चावणाऱ्या कुत्र्याला रेबीजची लस दिलेली होती का? चावणारा कुत्रा डोळ्यांसमोर असेल, तर त्याला १० दिवस निरीक्षणाखाली ठेवता येते. त्या मुदतीत तो ठणठणीत राहिला, तर चावण्याच्या वेळी त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता असे मानता येते. तो कोणाचा हेच माहीत नसेल, तर जखमी कुत्र्याची लस पूर्वी झालेली असली तरी त्याला पुन्हा मात्रा द्यावी लागते. झुंज सोडवताना ज्याला ओरखडा किंवा दात लागला आहे, त्याने जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवून लगेच सीपीआरसारखे शासकीय रुग्णालय किंवा आपला डॉक्टर गाठायचा असतो आणि पुढचे अनेक दिवस घोर लागलेल्या मनाने काढायचे असतात, कारण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. हा घोर टाळणे मालकाच्या हातात असते, त्यासाठी त्याने दोन मिनिटे थांबून आपले नाव, फोन नंबर आणि लसीच्या कार्डाचा फोटो दिला की पुरते. उपचाराचा खर्चही त्यानेच उचलायचा, आणि समोरच्याने मागण्याची वाट न पाहता. "तुमचाही भुंकत होता की" हे वाक्य त्या क्षणी तोंडातून काढू नये. भुंकणारा कुत्रा साखळीला होता, आपला मोकळा होता, एवढा फरक पुरेसा आहे.

ज्याच्या कुत्र्याने एकदा चावा घेतला, त्याने पुढच्या दिवसांत काय करावे? आधी त्याला तपासून घ्यावे, कारण कधी न चावणारा कुत्रा एकाएकी चिडका होतो तेव्हा सांधेदुखी, कानाचा संसर्ग, किडलेला दात अशी एखादी वेदना मागे असू शकते. दिवसभर साखळीला बांधून ठेवत असाल, तर त्याला रोज चालवा. सतत बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवू न देणे ही प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार क्रूरता ठरते, आणि कोंडलेला कुत्रा बाहेर पडल्यावर जास्त अंगावर जातो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. नर असेल तर नसबंदीचा विचार करा. माजावर आलेल्या मादीवरून होणारी भांडणे त्याने कमी होतात, भीतीतून येणारा हल्ला मात्र त्याने जात नाही.

आणि बाहेर नेताना मुसके घाला. त्यासाठी कापडी पट्टीचे घट्ट मुसके घेऊ नका, कारण कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतच अंगातली उष्णता कमी करतो आणि उन्हाळ्यात तोंड बांधलेला कुत्रा गुदमरतो. जाळीचे, टोपलीसारखे मुसके घ्यावे. त्यात त्याला धापा टाकता येतात, पाणीही पिता येते. ते पहिल्याच दिवशी तोंडावर चढवू नका. आतल्या बाजूला थोडे पीनट बटर किंवा उकडलेल्या अंड्याचा तुकडा लावून त्याला स्वतःहून तोंड घालू द्या, काही दिवस पट्टा न लावता असेच चालू ठेवा, मग क्षणभर पट्टा लावा आणि हळूहळू वेळ वाढवत न्या. तो मुसके पाहून शेपटी हलवू लागला, की त्याला घेऊन बाहेर पडायला हरकत नाही.

नमस्कार.