यशवंतरावांनी सुचवलेली एक वर्षाची अट

(यशवंतराव चव्हाण जयंतीनिमित्त साताऱ्यात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, १२ मार्च आला की कोयना, सहकार, पंचायत राज आणि मंगल कलश हे विषय ठरलेले. ते तुम्हाला पाठ आहेत. मी वकील माणूस, त्यामुळे मी बोलणार आहे केंद्रीय गृहमंत्री यशवंतरावांच्या पक्षांतरावरच्या एका अहवालाबद्दल. त्यांचे जन्मगाव देवराष्ट्रे तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होते आणि १९६७ साली त्यांना लोकसभेवर पाठवले तेही सातारकरांनी. तेव्हा हा विषय निघायचा तर इथेच.

त्याच निवडणुकीनंतर उत्तरेत आमदारांचा बाजार भरला. हरियाणात गयालाल नावाच्या आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि ‘आयाराम-गयाराम’ देशभर झाले. लोक हसले, पण मार्च १९६७ ते फेब्रुवारी १९६८ या एका वर्षात ४३८ पक्षांतरे झाली होती. लोकसभेने ठराव केला, समिती नेमली गेली आणि अध्यक्षपद यशवंतरावांकडे आले. सदस्यांत जयप्रकाश नारायण, हृदयनाथ कुंझरू, सेटलवाड अशी माणसे. अहवाल आला १९६९ मध्ये.

त्यातला एक आकडा ऐका. सात राज्यांतल्या २१० फुटीर आमदारांपैकी ११६ जण मंत्री झाले होते. माणसाचे विचार बदलू शकतात, हे मी मानतो. पण विचार बदललेल्या दर दुसऱ्या माणसाला लाल दिवा कसा काय मिळतो?

समितीने बोट ठेवले ते इथेच. मंत्रिमंडळाचा आकार सभागृहाच्या साधारण दहा टक्क्यांवर रोखा, असे तिने सांगितले. आणि पक्ष सोडणाऱ्याला एक वर्षभर, किंवा राजीनामा देऊन पुन्हा निवडून येईपर्यंत, मंत्रिपद नको, सभागृहाचे अध्यक्षपद नको, सरकारी उपक्रमातले पगारी पदही नको. जायचे तर खुशाल जा, पण हात हलवत जा!

पुढे काय झाले? १९७३ चे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभा विसर्जित झाली तसे तिच्याबरोबर बुडाले. १९७८ चे मांडतानाच विरोध झाला, मागे घ्यावे लागले. अखेर जानेवारी १९८५ मध्ये बावन्नावी घटनादुरुस्ती झाली आणि घटनेत दहावे परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आले. यशवंतराव २५ नोव्हेंबर १९८४ लाच गेले होते.

या कायद्याने भर दिला तो आमदारकी जाण्यावर. पक्ष सोडला किंवा व्हिप, म्हणजे मतदानाबाबतचा पक्षादेश, मोडला तर सदस्यत्व रद्द. मात्र एक तृतीयांश जण एकदम फुटले तर माफी. किरकोळीला बंदी आणि ठोक व्यापाराला परवाना! ही पळवाट बुजायला २००३ ची एक्क्याण्णवावी दुरुस्ती यावी लागली. तिने मंत्र्यांची संख्याही पंधरा टक्क्यांवर आणली, म्हणजे आपल्या २८८ च्या विधानसभेत मुख्यमंत्र्यांसह ४३. समितीने सुचवल्यानंतर चौतीस वर्षांनी.

कोणी विचारेल, खुद्द यशवंतरावांचे काय? काँग्रेसच्या १९७८ च्या फुटीत ते इंदिराजींच्या विरुद्ध बाजूला राहिले, १९७९ मध्ये चरणसिंगांचे उपपंतप्रधान झाले आणि नंतर इंदिराजींच्याच पक्षात परतले. खरे आहे. जयंतीच्या दिवशीसुद्धा हे बोलायला हरकत नसावी. त्याने त्यांच्या राजकारणाचा हिशेब बदलेल. ११६ चा आकडा बदलत नाही.

आता माझा मुख्य मुद्दा. २००३ च्या दुरुस्तीनंतर अपात्र आमदाराला मंत्री होता येत नाही, लाभाचे राजकीय पदही घेता येत नाही. वाचायला हे समितीच्या शिफारशीसारखेच वाटते. पण समितीची बंदी पक्ष सोडला की लागू होणार होती, कायद्यातली लागू होते ती अपात्र ठरल्यावर. ठरवणार कोण? विधानसभेचे अध्यक्ष, जे बहुतेक वेळा सत्ताधारी पक्षातूनच निवडून आलेले असतात. त्यांचा निकाल न्यायालयात तपासता येतो, हे १९९२ मध्ये ठरले, पण आधी निकाल तर लागला पाहिजे! तोवर याचिका पडून आणि साहेब मंत्रालयात. २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की एरवी तीन महिन्यांत निकाल द्यावा आणि हे काम स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे सोपवण्याचा संसदेने विचार करावा. त्यासाठी पुन्हा घटनादुरुस्ती लागेल, दोन तृतीयांश मते लागतील. पुढच्या वेळी खासदार मत मागायला दारात आले की चहा जरूर पाजा, आणि त्या दुरुस्तीला तुमचे मत पडेल का, एवढे विचारा.