सुटलेला राघू आणि त्याचा थवा

श्रोतेहो, पत्रिकेत आजचा विषय ‘पाळीव पक्षी सुटून रानात सापडला, तर काय करावे’ असा छापला आहे आणि त्याचे उत्तर मी देणारच आहे; परंतु त्याआधी कित्येक वर्षे मनात घोळत असलेला एक विचार आपल्यापुढे मांडू द्यावा. पिंजऱ्यातून उडालेला पोपट जगला, की लोक म्हणतात, ‘ते त्याच्या रक्तातच असते.’ मला हे पटत नाही. पिल्लू असल्यापासून माणसाच्या हातची भिजवलेली डाळ खाल्लेल्या पक्ष्याला शिकरा कोणत्या बाजूने झडप घालतो, उन्हाळ्यात पाणी कुठे मिळते, रात्री कोणत्या झाडावर उतरावे, यांतले काहीच ठाऊक नसते. त्याला जगवतो तो थवा.

माझ्या आत्याकडे साताऱ्याला एक राघू होता. पिंजऱ्याच्या दारात सापडून त्याच्या डाव्या पायाच्या मागच्या बोटाचे नख तुटलेले होते. कातरलेले पीस वाढत नाही. ते गळून त्या जागी नवे यावे लागते, म्हणून नवी पिसे डोकावली की आत्या ती कात्रीने कापत असे. एका वर्षी घरातल्या लग्नाच्या गडबडीत ते राहून गेले, आणि दिवाळीच्या आधी एका सकाळी पिंजरा धुण्यासाठी दार उघडले असता राघू समोरच्या शेवग्यावर, तिथून कौलांवर आणि कौलांवरून दिसेनासा झाला. आत्या तीन दिवस अंगणात पेरूची फोड घेऊन उभी होती.

पुढे दीड वर्षाने, माघात, नदीकडच्या देवळापाशी आम्ही उभे असताना पिंपळावरून स्पष्ट हाक आली, ‘काकू, दार उघडा!’ आळीतल्या बायका आत्याला अशीच हाक मारीत, आणि राघूने ती उचलली होती. वर पाहिले, तर ढोलीच्या तोंडाशी मादी बसलेली आणि हा तिला चोचीने भरवत होता. उडाला तेव्हा त्याच्या गळ्याला कंठ नव्हता. नराला तो साधारण तिसऱ्या वर्षी येतो, आणि आता काळी-गुलाबी रेघ पूर्ण उमटली होती. तो फांदी धरून वळला, तेव्हा नख नसलेले बोटही दिसले. आत्याने ‘राघोबा’ म्हणून साद घातली. त्याने मान तिरकी करून एका डोळ्याने खाली पाहिले आणि तो दोन फांद्या उतरून आला. माझ्या चुलतभावाने तेवढ्यात पिंजरा आणायला धावही घेतली होती. मग ढोलीतून मादीचा आवाज आला, आणि राघू परत वर गेला. आत्या चुलतभावाला म्हणाली, ‘राहू दे रे, त्याचा संसार आहे.’ मी तेव्हा बारा वर्षांचा होतो, आणि आज इथे बोलायला उभा आहे तो त्या पिंपळामुळे.

थवा सुटलेल्याला शिकवतो, तसा सुटलेलाही थव्याला शिकवतो. सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियमकडे लोक विचारणा करू लागले, की बागेतले रानटी काकाकुवे इंग्रजीत कसे बोलतात. घरांतून सुटलेले काकाकुवे रानथव्यांत मिसळले आणि बाकीच्यांनी त्यांचे शब्द उचलले, असे तिथल्या अभ्यासकांचे म्हणणे आहे. एका पक्ष्याचा शब्द थव्यात पसरतो, तर फळाला आलेल्या झाडाची खबर का पसरू नये?

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मुख्य मुद्द्याकडे वळतो. आपलाच हा पोपट युरोपात सुटून स्थिरावला. ब्रुसेल्समध्ये १९७४ साली एका उद्यानातून सुमारे ४० पोपट मोकळे सोडले गेले, आणि आज तिथे त्यांची संख्या हजारांत आहे. युरोपातल्या या पोपटांचे मूळ मुख्यतः पाकिस्तान व उत्तर भारतातले असल्याचे जनुकीय अभ्यासातून दिसले आहे, आणि हिमालयाच्या पायथ्याची थंडी सोसलेल्या वंशाला तिकडचा हिवाळा जड गेला नाही. मात्र बेल्जियममध्ये त्यांनी ढोल्या अडवल्यामुळे झाडावर तुरुतुरु चढणाऱ्या नटहॅच पक्ष्याला जागा कमी पडू लागली, आणि स्पेनच्या सेव्हिल शहरात तर ढोल्यांसाठी त्यांनी मोठ्या वटवाघळांवर हल्ले केले. उलट फ्लोरिडात सुटलेले बजरीगार, म्हणजे ऑस्ट्रेलियातले चिमुकले पोपट, एके काळी हजारोंनी होते, पण ते बरेचसे माणसांनी घरट्यांसाठी टांगलेल्या पेट्यांवर अवलंबून होते. २०१४ पर्यंत ते तिथून संपले. पेट्यांसाठी चिमण्यांशी झालेली झटापट हे त्याचे एक कारण मानले जाते. म्हणजे थव्याइतकीच ढोलीही लागते.

आता उत्तर. देशी पोपट पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, त्यामुळे सुटलेला देशी पोपट थव्यासोबत खाताना-उडताना दिसला, तर त्याला पकडू नये. तो एकटाच, जमिनीजवळ, माणसांच्या मागे फिरताना दिसला, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. कॉकाटील (डोक्यावर तुरा असलेला छोटा परदेशी पोपट) किंवा बजरीगार असेल, तर मात्र त्याला परत आणायलाच हवे, कारण आपल्याकडे त्याचा थवा नाही आणि कावळे-घारी त्याला फार दिवस राहू देत नाहीत. उन्हे उतरताना त्याचाच पिंजरा, शक्यतो सोबतीच्या पक्ष्याचा पिंजरा शेजारी ठेवून, गच्चीवर उघडा ठेवावा. तो बहुधा आवाजाकडे येतो. अंधार पडल्यावर पाठलाग करू नये, पक्षी बिथरून दूर जातो. तो कुठे बसला ते पाहून ठेवावे आणि पहाटे पुन्हा जावे.

ढोलीच्या पोकळ लाकडाचा एक तुकडा मी सोबत आणला आहे, तो दाराशी टेबलावर आहे. आत हात घालून पाहा, चोचीने कोरलेली कड बोटाला लागते.