गाठीच्या शेजारची चरबी

(अंबाजोगाई येथे आशाताई आणि बचतगटाच्या महिलांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

बायांनो, चरबी म्हणजे अंगावर नुसता पडून असलेला साठा, असं आपण धरून चालतो. तसं नाही. चरबीच्या पेशी संप्रेरकं तयार करतात, आणि फार फुगल्या की मरायलाही लागतात. मरणाऱ्या पेशीभोवती मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशी गोळा होतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचं कडं मुकुटासारखं दिसतं. मी पॅथॉलॉजीची, म्हणजे गाठींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारी डॉक्टर आहे. स्तनाच्या कर्करोगात आमची नजर गाठीवर खिळलेली असते, पण शेजारच्या चरबीतली ही कडीही बघायला हवीत, असं मला ठामपणे वाटतं.

कारण या कड्यांतून दाह वाढवणारी द्रव्यं सुटतात. त्यांच्यामुळे आसपासच्या पेशींत अरोमाटेज हे विकर (एन्झाइम) वाढतं, आणि ते इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं संप्रेरक तयार करतं. पाळी गेल्यावर अंडाशयाचं काम थांबतं, तेव्हा शरीरातलं इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीतूनच येतं. स्तनाचे बहुतेक कर्करोग इस्ट्रोजेनवरच पोसतात. म्हणजे गाठीला खतपाणी शेजारूनच मिळतं! पाळी गेलेल्या रुग्णांना लेट्रोझोलची गोळी देतात, ती हे अरोमाटेजच अडवते.

2016 साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी, ज्यांचा आजार पुढे इतर अवयवांत पसरला अशा स्त्रियांच्या स्तनातली जुनी चरबी तपासली. ज्यांच्यात ही कडी होती, त्यांचा आजार लवकर पसरला होता. त्याआधी 2014 मध्ये 82 अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा निदानाच्या आधी लठ्ठ असलेल्या रुग्णांत स्तनाच्या कर्करोगाने मृत्यूचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी जास्त निघाला.

‘आमच्याकडच्या बाया कुठं एवढ्या जाड असतात?’ असं इथं कुणीतरी म्हणेलच. पुण्याचे मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचं स्वतःचंच 2004 सालचं उदाहरण मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2! काटा तोच, माणूस वेगळा. बेताच्या वजनाच्या काही स्त्रियांच्या स्तनातही ही कडी सापडली आहेत. म्हणून ताई, वजन करताना कमरेला टेपही लावा. बाईची कंबर 80 सेंटिमीटरच्या पुढे गेली, तर साखर आणि रक्तदाब तपासायला सांगा.

ऑपरेशन झालं की घरची माणसं प्रेमापोटी रुग्ण बाईला खाटेवरून उठू देत नाहीत. शिरा, डिंकाचे लाडू, वर तूप. माया मी समजू शकते, पण उपचाराच्या काळात वजन वाढतं ते अशानेही. डॉक्टरांनी परवानगी दिली की तिला चालू द्या. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, दही पुरेसं आहे. पण ‘खाऊन खाऊन तुला हे झालं’ असं तिला कुणी म्हणू नका. कर्करोग सडपातळ बायांनाही होतो, आणि असल्या बोलण्याने बाई दवाखान्यात यायचीच थांबते.

आणखी एक. जाड बाईला केमोच्या औषधाचा डोस भीतीने कमी करू नये, तो तिच्या खऱ्या वजनाप्रमाणेच द्यावा, हे 2012 पासून अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. डोस कमी झाला तर उपचार अपुरा पडतो. रुग्णाबरोबर जाल तेव्हा, ‘डोस वजनाप्रमाणे पूर्ण आहे ना?’ एवढं डॉक्टरांना विचारा. हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही.