घरी काय सांगून निघालात?

श्रोतेहो, नमस्कार.

20 जुलै 1942 रोजी नागपुरात दलित महिलांची परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या आणि समोर 20 ते 25 हजार बायका. घटस्फोटाचा हक्क, एकाहून अधिक लग्नं करणाऱ्या नवऱ्यांना चाप, गिरणीत नि विडी कारखान्यात राबणाऱ्या बायकांना रजा आणि पेन्शन, असे ठराव झाले. ठराव कागदावर आहेत. पण भर पावसाळ्यात, शेताची कामं टाकून एवढ्या जणी आल्या कशा? गाडीभाडं कुठून आणलं, तान्ही मुलं कुणाच्या हवाली केली? हे ठरावात कुठून यायचं! ते ज्या आल्या, त्यांनीच सांगायचं.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या अशा बायकांना शोधून बोलतं केलं. त्यातून 1989 साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक झालं. आधी ओझी वाहून पोट भरणाऱ्या आणि पुढे नागपुरात मुलींची शाळा काढणाऱ्या जाईबाई चौधरींसारख्या बायकांचं काम त्यामुळे आज आपल्याला कळतं. खरं तर अशा आठवणी गोळा करण्याचं काम विद्यापीठांनी फार आधी करायला हवं होतं.

आता 1972 कडे येऊ. महाराष्ट्रात दुष्काळ, मुंबईत तेल, रॉकेल, साखर यांसाठी रांगा. मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते समाजवादी, अहिल्या रांगणेकर कम्युनिस्ट, पण महागाईविरुद्ध त्या एकत्र आल्या आणि लाटण्याने थाळ्या बडवत बायका रस्त्यावर उतरल्या. त्या मोर्चात पंचविशीत असलेल्या बायका आज ऐंशीच्या घरात आहेत. एखादी तुमच्याच इमारतीत असेल.

जा त्यांच्याकडे. मात्र ‘स्त्रीमुक्तीबद्दल आपलं मत काय’ असं विचारू नका, भाषण ऐकावं लागेल. विचारा, ‘घरी काय सांगून निघालात? परत आल्यावर सासूबाई काय म्हणाल्या?’ शेजारी बसलेला मुलगा ‘आई, बहात्तर नाही, त्र्याहत्तर’ म्हणून मधेच बोलेल. त्याला जरा गप्प बसवा. साल काय, जुन्या वर्तमानपत्रात सापडेल. सासूबाई काय म्हणाल्या ते नाही सापडणार.

मोबाइलवर रेकॉर्ड करा, पण आधी विचारून. मधेच ‘हे नको घेऊस’ म्हणाल्या, तर लगेच बंद करा. नाव घालायचं की नाही, हेही त्यांनाच ठरवू द्या.

नमस्कार.