आई, बघ, आकड्याशिवाय!

श्रोतेहो, नमस्कार.

घरी तांदूळ निवडताना नजर कशी ताटभर फिरते, ते तुम्हाला सांगायला नको. एकच खडा राहतो आणि तो नेमका पाहुण्याच्या दाताखाली येतो. अमेरिकेच्या विमानवाहू नौकेवर रोज असंच निवडणं चालतं. फक्त तिथलं ताट साडेचार एकरांचं असतं. विमानं उडायच्या आधी माणसांची लांबच लांब रांग डेकच्या एका टोकाला खांद्याला खांदा लावून उभी राहते आणि माना खाली घालून सावकाश दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाते. नट, तारेचा तुकडा, पेनचं टोपण, जे दिसेल ते उचलायचं आणि खिशात टाकायचं. जेट इंजिन समोरचं सगळं आत ओढून घेतं. बोटाच्या पेराएवढा नट आत गेला, तरी पाती तुटतात आणि कोट्यवधींचं इंजिन वाया जातं.

ही नौका केवढी, ते आधी सांगतो. निमित्झ वर्गाच्या नौकेची लांबी साधारण ३३३ मीटर, वजन जवळपास १ लाख टन, आणि वैमानिक धरून माणसं ५ हजारांच्या आसपास. एखाद्या मोठ्या गावाएवढी वस्ती. २०१७ मध्ये आलेली जेराल्ड फोर्ड ही त्यांच्या पुढच्या, नव्या वर्गातली पहिली. या नौकांच्या पोटात दोन अणुभट्ट्या असतात, आणि एकदा भरलेलं अणुइंधन वीस-पंचवीस वर्षं पुरतं. अणुभट्टीवर जहाज चालतं, श्रोतेहो, पण माणसांचं पोट चालत नाही. पीठ, भाजी, विमानांचं इंधन, सुटे भाग, औषधं, घरची पत्रं, सगळं बाहेरूनच यावं लागतं. हे लक्षात ठेवा. सगळं बाहेरून यावं लागतं. आजची गोष्ट त्यावरच आहे.

विमानांची कामं वाटलेली असतात. एफ-१८ सुपर हॉर्नेट आणि एफ-३५ ही लढणारी. ग्राऊलर शत्रूची रडार आंधळी करतं. सीहॉक हेलिकॉप्टरं पाणबुड्या शोधतात. आणि डोक्यावर भलंमोठं ताट घेऊन फिरणारं हॉकाय, ते ताट म्हणजे रडार. शेकडो किलोमीटरवरचं विमान आधी ते पाहतं आणि मग बाकीच्यांना सांगतं. नौकेच्या आजूबाजूला आर्ली बर्क वर्गाच्या विनाशिका असतात. हवेतून आलेलं क्षेपणास्त्र हवेतच पाडणं हे त्यांचं मुख्य काम. आणि पाण्याखाली बहुधा एखादी पाणबुडीही सोबतीला असते. आपल्या वाहिन्या बातमी देताना फक्त लढाऊ विमानं दाखवतात, वर ढोल-ताशासारखं संगीत लावतात. मला ते पटत नाही. हॉकाय नसेल तर त्या लढाऊ विमानांना कुठं जायचं तेच कळणार नाही. त्या पंख्याच्या विमानालाही कधीतरी पडद्यावर जागा द्या, एवढं माझं मनापासून म्हणणं आहे.

आता उतरण्याविषयी. जमिनीवर जेट विमानाला दोन-अडीच किलोमीटरची धावपट्टी लागते. नौकेवर तेवढी जागा आणायची कुठून? म्हणून उडताना कॅटापल्ट, म्हणजे आपली गोफणच समजा, विमानाला दोन-तीन सेकंदांत फेकून देते. आणि उतरताना विमानाच्या शेपटीखालचा आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी दोरात अडकतो. चाकं टेकताक्षणी वैमानिक इंजिन पूर्ण जोरात सोडतो. थांबायचं असताना जोर का? आकडा हुकला, तर पुन्हा उडता आलं पाहिजे म्हणून. पुन्हा सांगतो: आकडा, दोर, आणि तरीही पूर्ण जोर.

आपल्या जुन्या विक्रांतवरही आकडा आणि दोरच होते. १९७१ च्या युद्धात तिच्याच डेकवरून उडालेल्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले होते. मुंबईच्या गोदीत ती संग्रहालय होऊन उभी होती, तेव्हा मी तिच्या डेकवर चाललोय. उन्हानं तापलेल्या लोखंडाची धग चपलेतून तळपायाला लागत होती. आणि ते डेक इतकं आखूड वाटलं, की इथं विमान उतरत होतं यावर डोळ्यांचा विश्वास बसेना. २०१४ मध्ये मुंबईतच, दारूखाना इथल्या जहाजं मोडायच्या जागी, ती तोडायला घेतली. ते दुःख माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

तर आता ती गोष्ट.

साल १९६३. अमेरिकी नौदलापुढे प्रश्न असा होता, की नौका किनाऱ्यापासून हजारो किलोमीटर दूर असेल आणि एखादा जड सुटा भाग तातडीनं हवा असेल, तर तो न्यायचा कसा? तेव्हाचं सामान नेणारं विमान छोटं होतं, लांबचा पल्ला त्याला जमत नव्हता. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की हर्क्युलिसच नौकेवर उतरवून पाहू.

हर्क्युलिस तुम्हाला माहीत आहे. चार पंख्यांचं, पोट सुटलेलं मालवाहू विमान. २०१३ च्या ऑगस्टमध्ये आपल्या हवाई दलानं लडाखमध्ये दौलत बेग ओल्डीला, ५ हजार मीटरहून जास्त उंचीवर, याच जातीचं नवं विमान उतरवलं होतं. याच्या पंखांचा पसारा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ४० मीटर. शेपटीला आकडा नाही. गोफणीतून फेकावं असा त्याचा बांधाही नाही.

हे काम आलं लेफ्टनंट जेम्स फ्लॅटली यांच्याकडे. ते लढाऊ विमानांचे वैमानिक. त्यांचे वडीलही नौदलातले नावाजलेले वैमानिक, दुसऱ्या महायुद्धात लढलेले. हर्क्युलिस नौकेवर उतरवायचंय असं ऐकल्यावर फ्लॅटलींना आधी वाटलं, कुणीतरी थट्टा करतंय. थट्टा नव्हती. विमानात बदल केले तेही मोजकेच. पुढच्या चाकाच्या दांड्यात थोडी दुरुस्ती, ब्रेक सुधारले, आणि दुसऱ्या विमानांना हवेत इंधन देणाऱ्या, पंखांखालच्या नळकांड्या काढल्या. बस्स.

३० ऑक्टोबर १९६३. बोस्टनपासून सुमारे ८०० किलोमीटरवर उत्तर अटलांटिक समुद्रात फॉरेस्टल ही विमानवाहू नौका. वारा ताशी सत्तर किलोमीटरच्या वर. नौकेचं नाक लाटेवर चढतंय आणि खाली आपटतंय. अशा डेककडे हे चार पंख्यांचं धूड सावकाश येतंय, असं डोळ्यांपुढे आणा. उजव्या हाताला नौकेचा तो उंच मनोरा. विमानाच्या पंखाचं टोक आणि मनोरा यांच्यामध्ये अंतर किती? साधारण १५ फूट. आपल्या घरातल्या एका खोलीएवढं. आणि खाली डेक स्थिर नाही, वर-खाली होतंय.

फ्लॅटलींना डेकवर आखलेल्या रेषेवरून नजर काढायची नव्हती. रेषा सुटली, तर पंख मनोऱ्याला लागणार. आणि त्यांनी काय करावं? चाकं टेकायच्या आधीच, डेक अजून काही फूट खाली असताना, चारही पंख्यांच्या पात्यांचा कल उलटा केला. पाती उलटी झाली की पंखा हवा मागे न फेकता पुढे फेकतो, म्हणजे विमानाला मागे ढकलतो. हेच पुष्कळ उंचावर केलं असतं, तर विमान दगडासारखं आपटलं असतं. पण डेक हाताशी आलं होतं. चाकं टेकली, ब्रेक लागले, आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यानं उरलेलं काम केलं.

विमान थांबलं. हलक्या वजनावर किती अंतरात? ८१ मीटर. श्रोतेहो, ८१ मीटर! स्वतःच्या पंखांच्या पसाऱ्याच्या दुपटीत ते उभं राहिलं. ना आकडा, ना दोर. आणि उडालं ते गोफणीशिवाय. नोव्हेंबरपर्यंत चाललेल्या चाचण्यांत ते असं २१ वेळा पूर्ण थांबलं आणि २१ वेळा आपल्या आपण उडालं. चाकं टेकवून लगेच वर गेलं ते २९ वेळा वेगळंच. ५५ टन वजन असतानाही त्याला थांबायला १४० मीटर पुरले. फॉरेस्टलच्या निम्म्या लांबीतही ते थांबत होतं.

विमानाच्या नाकापाशी चार शब्द रंगवले होते, ‘लुक मा, नो हूक’. सायकल शिकलेलं पोर दोन्ही हात सोडून अंगणातून ओरडतं ना, ‘आई, बघ, हात सोडून!’, अगदी तेच. आई, बघ, आकड्याशिवाय!

फ्लॅटलींना या कामगिरीबद्दल डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे पदक मिळालं. निष्कर्ष असा निघाला, की हर्क्युलिस ११ टन सामान ४ हजार किलोमीटरवर नेऊन नौकेवर उतरवू शकतं. तरीही नौदलानं रोजच्या कामाला ते लावलं नाही. एवढं मोठं विमान डेकवर आलं, की बाकीच्यांना हलायला जागा राहत नाही, आणि खोलीभर अंतरावरून रोज पंख काढणं हा धोका पत्करण्यासारखा नव्हता. मला हा निर्णय धाडसाइतकाच मोलाचा वाटतो. जमतंय हे दाखवलं, आणि मग नको म्हटलं.

सामान न्यायचं काम पुढं ग्रेहाउंडकडे गेलं. हॉकायचाच भाऊ तो, ताट काढलेला. टपाल, माणसं, सुटे भाग घेऊन त्यानं काही दशकं नौकांवर खेपा केल्या. पण एफ-३५ आलं, आणि त्याच्या इंजिनाचा मुख्य भाग ग्रेहाउंडच्या पोटात मावेना. म्हणून आता ऑस्प्रे आलंय. त्याचे पंखे वर वळतात, की ते हेलिकॉप्टरसारखं सरळ खाली बसतं. पंखे पुढे वळले, की ते विमान होतं. ऑस्प्रेलाही आकडा लागत नाही, दोर लागत नाही. जे १९६३ मध्ये एका वैमानिकानं डेकवर पंखे उलटे करून साधलं, ते आता रोजच्या टपालाच्या खेपेत होतं.

ते हर्क्युलिस आज फ्लोरिडात पेन्साकोलाच्या नौदल विमान संग्रहालयात उभं आहे. आणि फ्लॅटली पुढे रिअर अॅडमिरल होऊन निवृत्त झाले. त्यानंतर त्यांनी चार्ल्सटनजवळच्या पॅट्रियट्स पॉइंट या संग्रहालयाचं काम सांभाळलं. तिथं यॉर्कटाउन ही जुनी विमानवाहू नौका जपून ठेवली आहे. महायुद्धात फ्लॅटलींचे वडील त्याच नौकेच्या डेकवरून उडाले होते.

नमस्कार.