अजिंक्यताऱ्याच्या कातळाचं वय
(साताऱ्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय जाहीर झालाय तो सह्याद्रीचं वय कसं मोजतात हा. त्याकडे येतोच, पण आधी एक सलणारा काटा काढू द्या. कुठे जुनी मूर्ती निघो, हाड निघो की घाटात गोल गरगरीत दगड दिसो, बातमीतलं वाक्य ठरलेलं असतं: ‘कार्बन डेटिंगसाठी नमुना पाठवला.’ अहो, अजिंक्यताऱ्याच्या काळ्या कातळाचं कार्बन डेटिंग होऊच शकत नाही!

कार्बन-14, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, तयार होतो वर वातावरणात, वैश्विक किरणांमुळे. झाडं तो हवेतून घेतात, झाडांतून तो जनावरांत आणि आपल्यात येतो. जीव गेला की आवक बंद, आणि मग दर 5730 वर्षांनी साठा निम्मा होत जातो. साधारण 50 हजार वर्षांनंतर मोजण्याजोगं काही उरत नाही. आपला कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. तो कधी जिवंत नव्हता, आणि त्याचं वय आहे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षं. पृथ्वीएवढा गोळा निव्वळ कार्बन-14 चा केला, तरी 10 लाख वर्षांत त्यातला एक अणूसुद्धा शिल्लक राहणार नाही. कॉलेजच्या मुलांनी हा हिशोब घरी जरूर करून पाहावा, दोनाचे घात मांडले की झालं.

आणि जिथे ही पद्धत चालते, तिथेही नमुना हाताळताना घोळ होतात. जुन्या चुलीतला कोळसा कापसात ठेवतात, कागदात बांधतात, तुकडे डिंकानं जोडतात. कापूस, कागद, डिंक, सगळा आजचा कार्बन. लाखो वर्षं जुन्या लाकडात 1 टक्का ताजा कार्बन मिसळला, तर उत्तर येतं सुमारे 37 हजार वर्षं. म्हणून कोळसा स्वच्छ चिमट्यानं उचलायचा, ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये ठेवायचा आणि आत शिरलेली बारीक मुळं निवडून काढायची.

गोल दगडांचं म्हणाल तर ती डायनासोरची अंडी नव्हेत. लाव्हा थंड होताना आकसतो, त्याला चिरा पडतात, चिरांत पाणी मुरतं. ठोकळ्याच्या कोपऱ्याला पाणी तीन बाजूंनी खातं, कडेला दोन, सपाट अंगाला एकाच. कोपरे आधी झडतात आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटून आत गोळा उरतो. खरी अंडी मिळाली आहेत गुजरातेत बालासिनोरजवळ आणि नर्मदेच्या खोऱ्यात, लाव्ह्याखालच्या गाळाच्या खडकांत. दगडाच्या फटीत दिसणारी नेच्याची नक्षीही बहुतेक वेळा मँगनीजची असते, पानाची नाही.

वेळ फारच कमी उरलाय, तेव्हा मुख्य मुद्दा भरभर सांगतो.

कातळासाठी घड्याळ आहे पोटॅशियम-40, पोटॅशियमचा किरणोत्सारी प्रकार. अर्धायुष्य, म्हणजे साठा निम्मा व्हायला लागणारा काळ, 125 कोटी वर्षं. आपल्या कातळाच्या वयात हजार अणूंमागे जेमतेम 36 फुटले, त्यातले चारच अरगॉन वायू झाले, बाकीचे कॅल्शियम. त्यात आपल्या बेसाल्टमध्ये, म्हणजे या काळ्या कातळात, पोटॅशियमच कमी. म्हणजे मोजायचं किती थोडं, बघा! म्हणून नमुना लाव्ह्याच्या प्रवाहाच्या मधल्या घट्ट भागातला हवा. वरचा जाळीदार, गारगोट्यांनी भरलेला भाग चालत नाही. कुजलेल्या दगडातून अरगॉन निसटतो आणि वय कमी दिसतं, जुना अरगॉन अडकला असेल तर जास्त. दगड कुटून, चाळून, फेल्डस्पार या खनिजाचे नितळ कण सूक्ष्मदर्शकाखाली एकेक वेचतात. ते अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवतात, मग टप्प्याटप्प्यानं तापवून वायू मोजतात. लागोपाठच्या टप्प्यांत तेच वय आलं, तरच ते धरायचं.

दुसरं घड्याळ झिरकॉन या खनिजाचं. घाटात दोन काळ्या थरांमधला लाल पट्टा आपण सगळ्यांनी पाहिलाय. एक प्रवाह थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत जी माती झाली, ती खालून भाजली गेली नाही, वरून भाजली गेली; तिच्यात कधी दूरच्या स्फोटांची राख पडलेली असते. त्या राखेत झिरकॉनचे कण मिळतात. झिरकॉन घडताना युरेनियम घेतो, शिशाला थारा देत नाही, म्हणून आतलं शिसं जवळपास सगळं नंतरचं. युरेनियमचे दोन प्रकार दोन वेगांनी शिसं होतात, त्यामुळे एकाच कणात दोन घड्याळं, परस्परांना तपासणारी. कणाचा पिचलेला भाग शिसं गमावतो, म्हणून कण आधी भट्टीत तापवून हायड्रोफ्लोरिक आम्लात तो भाग विरघळवून टाकतात.

दोन्ही घड्याळं सांगतात की पश्चिम घाटातला बराचसा लाव्हा साधारण 10 लाख वर्षांच्या अवधीत ओतला गेला. डायनासोरांच्या अंताशी जिचा संबंध जोडतात ती उल्का मेक्सिकोत पडली तीही याच सुमारास. किती लाव्हा तिच्या आधीचा, किती नंतरचा, यावर अजून वाद चालू आहे.

आता शेवटचं. लाव्हा थिजताना त्यातले लोहकण त्या वेळच्या चुंबकीय उत्तरेची दिशा धरून ठेवतात. आंबेनळी घाटातून महाबळेश्वरला चढताना खालचे थर उलटी दिशा दाखवतात, पठाराजवळचे आजच्यासारखी. पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांची ही उलथापालथ साधारण 6 कोटी 57 लाख वर्षांपूर्वीची. जीवाश्म नसलेल्या आपल्या डोंगरात ही खूण फार मोलाची, कारण हीच खूण जगातल्या दुसऱ्या खडकांतही सापडते, आणि तिथे जीवाश्म आहेत.