बागेतलं तळं बुजवताना

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या आठवड्यात एका ओळखीच्या घरी गेले होते. परसात हौसेनं बांधलेलं जुनं सिमेंटचं तळं. कमळं कधीच गेलेली, तळाला हिरवट चिखल आणि त्यात वळवळणाऱ्या डासांच्या अळ्या. घरातल्या आजी म्हणाल्या, "दोन ट्रॉल्या माती टाकून बुजवूया की." मी म्हटलं, "आजी, माती नंतर. आधी पहार आणि घण आणा."

असं म्हणायला कारण आहे. आमच्या घरामागचा हौद आम्ही असाच नुसत्या मातीनं भरला आणि वर सोनचाफा लावला. ज्येष्ठात झाड छान फुटलं. आषाढात झड लागली आणि आठवड्यात पानं पिवळी पडली. उकरून पाहिलं, तर मुळं काळी पडलेली, बोटात धरली की साल सुटून हातात यायची, आणि कुजका वास. हौदाचा तळ शाबूत होता. पाऊस आत शिरत होता आणि बाहेर पडायला त्याला वाट नव्हती. ते झाड गेल्याचं मला आजही वाईट वाटतं.

आपलं कोल्हापूरचं गांधी मैदान म्हणजे पूर्वीचं वरुणतीर्थ. तळं जाऊन मैदान झालं, तरी मोठ्या पावसात तिथं पाणी साठतंच. सखल जागेकडं पाणी धावणारच. घरचं तळंही बहुतेक बागेच्या सखल कोपऱ्यातच असतं, म्हणून ते भरण्याआधी पाणी कुठं जाणार हे ठरवायला हवं.

तळ्यात मासे असतील तर कुणाला तरी पाळायला द्या. रंकाळ्यात किंवा पंचगंगेत सोडू नका, बाहेरची जात तिथल्या माशांच्या मुळावर येते. गाळ काढून उन्हात वाळवा आणि शेणखतात मिसळा. तो खाली पुरला तर आकसतो, आणि वरची जमीन खचते.

मग तळ फोडायचा. चार भोकं पाडून थांबू नका, गाळ बसून ती बुजतात. शक्यतो सगळा तळ उखडा आणि कडेच्या भिंती जमिनीपासून दीड-दोन फूट खाली उतरवा. प्लॅस्टिकचा कागद असेल तर तो अख्खा बाहेर काढा.

आता माती पाणी पिते का ते बघा. उघड्या तळाला फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्यानं भरा, जिरू द्या. परत भरा आणि काठी उभी करून खूण करा. तासाला इंचभर पाणी उतरलं तर चिंता नाही. मुरमाड जमिनीत सहसा उतरतंच. काळ्या मातीत मात्र अर्धा इंचसुद्धा उतरणं कठीण, कारण ती भिजली की फुगते आणि भेगा मिटतात. तिथं तळ फोडून भागत नाही, पाण्याला बाजूनं वाट द्यावी लागते. चर खणा, त्यात खडी पसरून छिद्रांचा पाइप टाका आणि शंभर फुटांना एक फूट उतार ठेवा. हा पाइप पावसाच्या गटारीला न्या, शेजारच्या अंगणात नको. तळ्याचा तळ गटारीपेक्षा खोल असेल, तर गटारीच्या पातळीपासून मागं मोजत या आणि पाइप त्या उंचीला ठेवा.

भरावाचा हिशेब सोपा आहे. दहा फूट लांब, आठ फूट रुंद, तीन फूट खोल म्हणजे 240 घनफूट, म्हणजे 2.4 ब्रास. दाबल्यावर भराव बसतो, म्हणून सगळा मिळून तीन ब्रास धरा. फोडलेल्या तळाचे तुकडे सगळ्यात खाली, त्यावर खडी, मग मुरूम. मुरमाचा थर वीतभरच टाका, थोडं पाणी मारून धुमसानं ठोका, मग पुढचा थर. एकदम ओतून वरून ठोकलं तर आत पोकळ राहतं. वरचा दीड फूट चांगली बागेची माती, आणि ती अजिबात ठोकायची नाही, मुळांना हवा लागते. प्लॅस्टरचा राडारोडा त्या मातीत मिसळू देऊ नका.

वर तीन-चार इंच उंचवटा ठेवा, उतार घरापासून लांब. पहिल्या वर्षी मोठं झाड लावू नका, झेंडू किंवा गवत पुरे.

हे काम वळवाच्या आधी उरकलं तर फार बरं. वळवाच्या दोन-तीन सरींत भराव बसतो, खचलेली जागा दिसते, तिथं माती ओढून घेता येते, आणि मृगाला जमीन तयार असते.

आजींच्या परसातला तळ परवा फुटला. खाली तांबडा मुरूम लागला. आजींनी स्वतः बादलीभर पाणी ओतलं आणि तिथंच पायरीवर बसून राहिल्या. चहा होईतो पाणी जिरलं होतं.